मेंढीला एफएसएच देण्याआधी

शिरूर, पुरंदरकडच्या दख्खनी मेंढ्यांवर भ्रूण काढायचं काम (एका मेंढीत एकाच वेळी बरीच भ्रूणं तयार करून ती दुसऱ्या मेंढ्यांत रुजवायला बाहेर काढणं) सुरू करतोयस, तर आधी मेंढ्या नीट निवड. एकदा तरी व्यालेली, अंगावर मांस धरलेली मेंढी घे. चाऱ्यापायी वणवण करून खंगलेल्या मेंढीला कितीही महागडं हार्मोन दे, बीजकोष साथ देत नाहीत.

प्रोजेस्टोजेनचा, म्हणजे माज रोखून धरणाऱ्या हार्मोनचा, स्पंज योनीत 12 ते 14 दिवस ठेवायचा. बाहेरचा दोरा आखूड काप, नाहीतर शेजारची मेंढी तो ओढून काढते. काढताना गढूळ, उग्र वासाचा स्राव येतो. त्याला घाबरू नकोस.

खरी मेख एफएसएचमध्ये, म्हणजे बीजकोषात एकाच वेळी बरीच बीजं वाढवणाऱ्या हार्मोनमध्ये आहे. स्पंज काढायच्या साधारण दोन दिवस आधीपासून दर 12 तासांनी, उतरत्या मात्रेत इंजेक्शन दे. ते रक्तात फार टिकत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळची वेळ पाळलीच पाहिजे. पीएमएसजी (गाभण घोडीच्या रक्तातून मिळणारं, तसंच काम करणारं हार्मोन) एका इंजेक्शनात भागतं म्हणून मोह होईल. पण ते कित्येक दिवस रेंगाळतं, न फुटलेली फॉलिकल (बीजाच्या पुटिका) मागे राहतात आणि भ्रूणांची प्रत घसरते. मी तरी नुसतं तेवढंच वापरायला सांगणार नाही.

फलटणच्या नारी सुवर्णासारख्या, फेकबी (एका वेताला जास्त कोकरं देणारं) जनुक असलेल्या मेंढ्या एफएसएचला जास्त प्रतिसाद देतात. त्यांची मात्रा वेगळी ठरव.

माजात फळवल्यानंतर सहाव्या-सातव्या दिवशी भ्रूण बाहेर काढण्यासाठी गर्भाशय धुवायचं. भूल आणि शस्त्रक्रिया अनुभवी पशुवैद्याकडेच सोपव. त्याच मेंढीवर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केली, तर आतले अवयव एकमेकांना चिकटतात आणि पुढच्या वेळी हाती भ्रूण कमी लागतात.