जिंजाला येताय, तर आश्रमाआधी जज्जांना भेटा

ताई, तुमचा निरोप सावकाश, दोनदा वाचला. यजमानांना इथे युगांडात, जिंजाजवळच्या साखर कारखान्यात केमिस्टची नोकरी लागलीय, जूनमध्ये निघायचंय. आईच्या नावानं बाजूला ठेवलेल्या चार लाखांतून इथल्या एखाद्या अनाथाश्रमाला मदत करायची किंवा जमलं तर स्वतःच एक छोटा आश्रम काढायचा, असं तुमच्या मनात आहे. "सिंधुताईंसारखं मोठं नाही, पण दहा-बारा मुलं तरी," हे तुमचं वाक्य वाचून मला चौदा वर्षांपूर्वीची मी आठवले. मीही हेच ठरवून आले होते.

आधी उत्तर देते, कारणं मागाहून सांगते. आश्रम काढू नका. असलेल्या आश्रमालाही लगेच पैसे देऊ नका. पहिलं वर्ष नुसतं बघण्यात घालवा.

इथे आजीला, आजोबांना, दोघांनाही जज्जा म्हणतात. हा शब्द आत्ताच शिकून घ्या, कारण मुलांचं इथलं सगळं जग या शब्दावर उभं आहे. १९८२ साली युगांडाच्या दक्षिणेला, राकाई जिल्ह्यात एड्सचे पहिले रुग्ण सापडले, आणि पुढच्या वीस वर्षांत मधली पिढीच्या पिढी गेली. आई-बाप गेलेली ती लाखो मुलं कोणी वाढवली? आश्रमांनी नाही. जज्जांनी वाढवली. केळीच्या बागेत एकेका म्हातारीनं पाच-पाच, सात-सात नातवंडं सांभाळली. आज आजार औषधांनी बराच आटोक्यात आहे, तरी ही रीत कायम आहे.

दुसरी गोष्ट 'अनाथ' या शब्दाची. आपल्या मनात अनाथ म्हणजे ज्याला कोणीच नाही असा. पण युनिसेफच्या आकडेवारीत आई किंवा वडील यांपैकी एक गेलं तरी मूल अनाथ धरलं जातं. त्यामुळे 'इतके लाख अनाथ' असं वाचलं की आपल्या डोळ्यांसमोर जे येतं, ते प्रत्यक्षात नसतं. आश्रमांतल्या बहुतेक मुलांना आई नाहीतर बाप असतो, आणि तेही नसले तर जज्जा, मावशी, काका असतात. मग मूल आश्रमात का जातं? कारण तिथे दोन वेळचं जेवण आहे, गादी आहे, आणि मुख्य म्हणजे शाळा आहे. कोणाला मूल नकोसं झालेलं नसतं.

शाळेचं जरा सविस्तर सांगते. १९९७ पासून सरकारी प्राथमिक शाळेत फी नाही. पण गणवेश, वह्या, दुपारचं जेवण, परीक्षेचा खर्च हे सगळं घरातून जातं. बोर्डिंग असेल तर दर सत्राला सामानाची यादी येते, तिला इथे 'रिक्वायरमेंट्स' म्हणतात. त्या यादीत कागदाची रिमं, झाडू, टॉयलेट पेपर, साबण, काय काय असतं. वर्षाला तीन सत्रं, म्हणजे तीनदा ही यादी. पोशो, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि उसळीसारखा घेवडा खाऊन जगणाऱ्या घराला ती यादीच मोडून टाकते. इथे ८० वर्षांवरच्या म्हाताऱ्यांना सरकार महिन्याला २५,००० शिलिंग देतं. रुपयाला साधारण चाळीस शिलिंग धरा, म्हणजे सहाशेच्या आसपास रुपये होतात. जी जज्जा अजून पासष्टीचीच आहे आणि जिच्या पदरात चार नातवंडं आहेत, तिनं काय करायचं? ती सर्वांत हुशार नातवाला आश्रमाच्या दारात सोडून येते.

मी पहिल्या वर्षी एका आश्रमाला गाद्यांचे पैसे दिले होते. नाव लिहीत नाही. पुढच्या महिन्यात न सांगता गेले, तर मुलं चटईवर आणि गाद्या कुलपात. पाहुणे यायचे त्या दिवशी त्या बाहेर निघायच्या. मला रडू फुटलं, पण त्याहून मोठा धक्का नंतर बसला. तिथल्या सात-आठ वर्षांच्या एका मुलाचा मला फार लळा होता. दोन्ही आई-वडील वारले, कोणीही नाही, असं मला सांगितलं होतं. एका रविवारी बोडा-बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, मागे बसून एक म्हातारी आली. एका हातात कोंबडी, दुसऱ्या हातात मटोकेचा, म्हणजे शिजवून खायच्या कच्च्या केळ्यांचा, घड. ती त्याची जज्जा होती. घर तिथून सहा-सात किलोमीटरवर. मी त्या मुलाला सहा महिने दर शनिवारी जवळ घेत होते आणि त्याला जज्जा आहे हे मला ठाऊक नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

त्या मे महिन्यात मी कराडला गेले. सहा आठवड्यांनी परत आले तर तो माझ्याजवळ येईना. आधी मला 'मम्मी' म्हणायचा. मला त्या वेळी ते किती गोड वाटायचं! आज मी कोणत्याही नव्या बाईला हे पहिल्यांदा सांगते, मुलांना मम्मी म्हणू देऊ नका. आपण कंत्राटावर आलेली माणसं आहोत, कारखान्याचं कंत्राट संपलं की जाणार. रोमानियात संस्थांमधल्या १३६ लहान मुलांवर २००० सालापासून एक अभ्यास चालू झाला. त्यातली निम्मी मुलं कुटुंबांत ठेवली गेली. ती संस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा बुद्धीनं आणि मायेच्या नात्यांत बरी वाढली, आणि जी दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली त्यांचं सर्वांत बरं झालं. संस्था कितीही प्रेमळ असो, पाळीपाळीनं येणारी दहा माणसं म्हणजे एक घर होत नाही. मदतीला येऊन महिन्याभरात निघून जाणारे पाहुणे त्यात भर घालतात. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं या आश्रम-पर्यटनावर ठरावात बोट ठेवलं, ते उगीच नाही.

याचा अर्थ सगळे आश्रम वाईट, असं मुळीच नाही. उकिरड्यावर टाकलेलं बाळ, घरात मारहाण सोसणारी मुलगी, ज्याचं गावच सापडत नाही असं मूल, यांना छप्पर लागतंच. मी आज ज्या संस्थेचे हिशेब बघते ती अशाच मुलांसाठी आहे. चांगली संस्था कशी ओळखायची ते सांगते. इथल्या कायद्यानं मूल परस्पर ठेवून घेता येत नाही. जिल्ह्यात एक प्रोबेशन आणि समाजकल्याण अधिकारी असतो, त्याच्यामार्फत कुटुंब आणि बाल न्यायालयाचा आदेश लागतो. संस्थेलाही सरकारचा परवाना लागतो. तेव्हा आधी त्या अधिकाऱ्याकडे जा आणि अमुक संस्था तुमच्या यादीत आहे का, असं सरळ विचारा. मग संस्थेत जाऊन प्रत्येक मुलाची फाइल बघायला मागा. चांगले लोक नाव झाकून का होईना, दाखवतात. त्यात आदेशाचा कागद आहे का, गावाचं नाव आहे का, नातेवाईक शोधल्याची नोंद आहे का? आणि डिसेंबर-जानेवारीच्या मोठ्या सुट्टीत जाऊन बघा. निम्मी मुलं गायब असली तर ती कुठे गेली ते विचारा. "घरी गेली," असं उत्तर आलं, तर घर आहे म्हणजे मूल इथे कशासाठी आहे, हा पुढचा प्रश्न.

इथेच तुमचं काम आहे, ताई. तुम्ही लिहिलंय की तुम्हाला फक्त शाळेतली क्लार्कची कामं येतात. फक्त? सतरा वर्षं तुम्ही जनरल रजिस्टर लिहिलंत, दाखले दिलेत, कॅशबुक जुळवलंत. जनरल रजिस्टरमधली एक जन्मतारीख चुकली तर पोराचं पुढे काय होतं, हे तुमच्याइतकं कोणाला कळतं? इथल्या कित्येक मुलांचं आडनाव, कूळ, गाव हे सगळं अशाच निष्काळजी कागदांत हरवलंय. बुसोगात, म्हणजे जिंजाच्या या मुलखात, माणूस कुळावरून ओळखला जातो. जमीन कुळाची, लग्नाचे नियम कुळाचे. पंधरा वर्षांनी आश्रमातून बाहेर पडणाऱ्या मुलाला कूळ सांगता आलं नाही तर त्याला गावात पाय ठेवायला जागा नाही. आम्हाला मुलांशी खेळायला येणारी माणसं खूप मिळतात. व्हाउचर फाइल करणारी मिळत नाहीत.

पैशांबद्दल. चार लाख एकदम कोणालाही देऊ नका, विटा-सिमेंटला तर नाहीच. आपल्याकडची बालसंगोपन योजना आठवा. मूल संस्थेत टाकण्याऐवजी विधवा आईच्या किंवा आजीच्या घरीच राहावं म्हणून तिला महिन्याला रक्कम मिळते. तोच विचार इथे लागू पडतो. आम्ही तेरा घरं अशी सांभाळतो. जज्जाच्या हातात रोख थोडी, शाळेचे पैसे थेट शाळेत, वर्षातून एकदा छपराचे पत्रे किंवा शेळी. इथे बायकांचे बचत गट गावोगाव आहेत, अगदी आपल्यासारखे, फक्त पैशांच्या पेटीला तीन कुलपं आणि किल्ल्या तीन बायकांकडे. जज्जाला त्या गटात आणलं की आपण गेल्यावरही तिला आधार राहतो. तो कोंबडीवाल्या जज्जाचा नातू दुसऱ्याच वर्षी घरी गेला. आता तो गॅरेजमध्ये काम शिकतो आणि मला नावानं हाक मारतो.

भारतातून पैसे पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत बसतात, पण परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही. आधी सांगून ठेवते, नंतर वाईट वाटायला नको.

तुम्ही यजमानांच्या परवान्यावर डिपेंडंट म्हणून याल. त्यावर नोकरी करता येत नाही, आणि बिनपगारी असलं तरी संस्थेत रोज बसायचं तर इमिग्रेशनमध्ये विचारूनच बसा. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या, ते कार्ड इथे उतरताना लागतं आणि भारतात परतताना तर हमखास. मच्छरदाणीत झोपा. मुलांच्या पायांत जिगर नावाचे किडे शिरतात, ते बघून घाबरू नका, काढता येतात.

अजून एक, आपल्या कातडीबद्दल. १९७२ मध्ये इथला हुकूमशहा इदी अमीन यानं आशियाई लोकांना नव्वद दिवसांत हाकललं. जिंजाच्या मेन स्ट्रीटवर त्यांच्या जुन्या पेढ्या, त्यांवर कोरलेली गुजराती नावं अजून दिसतात. आज भारतीय पुन्हा आलेत आणि बहुतेक जण मालक किंवा साहेब आहेत. तुम्ही 'मुयिंदी', म्हणजे भारतीय, म्हणून पैसेवाल्याच, असं धरूनच लोक बोलतील. म्हणून मुलांना वाटप करतानाचा फोटो काढू नका, मंडळाच्या गणपतीतही दाखवायला नको. जज्जाच्या घरी गेलात की खाली चटईवर बसा, ती देईल ते खा. ती शेंगदाण्याची आमटी करते, तुम्हाला दाण्याची आमटीच वाटेल.

जूनमध्ये पोचाल तेव्हा शाळेचं दुसरं सत्र चालू असेल. सामान लागलं, यजमान ड्युटीवर रुळले की मला कळवा. शनिवारी मी घरांच्या फेरीला निघते, तुम्हाला सोबत नेईन. येताना दोनशे पानी, पक्क्या बांधणीची रजिस्टरं चार-पाच आणा, रेघा आखलेली. तशी इथे मिळत नाहीत.