आई-बाबांना घेऊन क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकला जातोय. जुनं शहर पायी किती वेळात होतं? आणि त्यांना तटावर चढवावं का, की खालीच बसवावं?

खाली बसवू नका. आमच्या दादाने आईच्या बाबतीत हेच ठरवलं होतं म्हणून मुद्दाम लिहितेय. जुन्या शहराच्या पश्चिमेच्या पिले गेटमधून आत पाय ठेवला तोच याने जाहीर केलं की आईला तट झेपायचा नाही, ती स्त्रादूनवर, म्हणजे तिथल्या मुख्य रस्त्यावर, कॉफी पीत बसेल, आपण फिरून येऊ. आईला विचारलं कोणीच नाही. जिने शाळेत इतिहास शिकवण्यात आयुष्य काढलं आणि रिटायर होईपर्यंत पोरांना घेऊन राजगड चढली, तिला एवढ्या लांब आणून खुर्चीत बसवायचं? मी तिथेच भांडले आणि तिचं तिकीट काढलं.

फक्त पिलेकडून चढवलं नाही. तटावर एकाच दिशेने चालावं लागतं, घड्याळाच्या उलट, त्यामुळे पूर्वेच्या प्लोचे दरवाजाकडून शिरलात की मिंचेता बुरुजाचा मोठा चढ सुरुवातीलाच सकाळच्या गारव्यात उरकतो, पुढे समुद्राच्या बाजूला बराचसा उतार. सगळा फेरा 1940 मीटरचा, सावकाश दोन तास धरा. आम्हाला जास्त लागले कारण आई फांजीवरून, म्हणजे तटावरच्या वाटेवरून, चालताना दर बुरुजाला थांबायची. जमिनीकडची भिंत कुठे कुठे सहा मीटर जाड आणि समुद्राकडची त्याच्या निम्मीसुद्धा नाही, हे आमच्याआधी तिच्या लक्षात आलं, म्हणाली यांना धास्ती डोंगराकडून होती. मग खाली छपरं बघत बसली. जुनी कौलं फिकी, मळकट आणि मध्येच भडक केशरी पट्टे, ते युगोस्लाव्हिया फुटतानाच्या युद्धातल्या, 1991-92 च्या तोफमाऱ्यानंतरचे. कुठे कुठे गोळे पडले त्याचा नकाशा गेटपाशी लावलाय, तो तिने आधीच नीट वाचला होता. "अगं, अख्खं गावच शाकारलंय की नव्याने," एवढंच म्हणाली आणि बराच वेळ हलली नाही. हे कॉफीच्या टेबलावरून दिसलं असतं का?

बाकी जुनं शहर अर्ध्या दिवसात आरामात होतं. स्त्रादून सपाट आहे, जेमतेम 300 मीटर, पण दगड पायांनी घासून गुळगुळीत झालेत, पाऊस पडला तर सांभाळा. फ्रान्सिस्कन मठातली 1317 ची फार्मसी बघा. क्रूझची गर्दी यायच्या आत, म्हणजे सकाळी आठला तटावर हजर राहा. नुसत्या तटाच्या तिकिटापेक्षा दुब्रोव्हनिक पास घ्या, किंमत जवळपास तेवढीच असते आणि म्युझियम, बस त्यातच येतात.

दादा आजही म्हणतो नशीब म्हणून काही झालं नाही. नशीब कसलं, आम्ही लवकर निघालो, सावकाश चाललो आणि पाणी भरपूर घेतलं होतं. हां, गुडघ्याचं किंवा हार्टचं काही असेल तर गोष्ट वेगळी, वर लिफ्ट नाही, सावली जवळपास नाहीच, आणि जुलै-ऑगस्टच्या दुपारी तर धडधाकट माणसानेही चढू नये. पण ते आई-बाबांना विचारून ठरवा, परस्पर नको. दमले नाहीत तर समोरचा लोव्रियेनात्स किल्लाही करा, तटाचंच तिकीट चालतं, पायऱ्या मात्र तिथेही भरपूर आहेत.