सीटीत अ‍ॅड्रिनल ग्रंथीवर (मूत्रपिंडाच्या वरची छोटी ग्रंथी) ५ सेंमीची गाठ दिसली. कॅन्सर आहे का ते कळायला बायोप्सी करावी का?

सहसा नको, कारण सुईने काढलेल्या तुकड्यावरून साधी गाठ आणि ग्रंथीचा कॅन्सर यांतला फरक नीट कळत नाही, शिवाय पेशी सांडण्याची भीती असते. युरोपातल्या एंडोक्राइन तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. आधी कॉन्ट्रास्टशिवायच्या (शिरेतून औषध न देता काढलेल्या) सीटी रिपोर्टमधला 'एचयू' आकडा, म्हणजे गाठीची घनता, बघा. गाठ एकसारखी दिसत असेल आणि आकडा १० किंवा कमी असेल, तर ती साधीच धरतात. २० च्या वर असेल तर या आकाराला संशय बळावतो.

नवी भर आहे ती लघवीच्या तपासणीची. २०२० च्या 'युराइन-अ‍ॅक्ट' अभ्यासात दोन हजारांवर रुग्णांच्या लघवीतली स्टेरॉइड्स (ही ग्रंथी बनवते ती हार्मोन्स) मोजून संगणकाकडून त्यांची छाननी केली; स्कॅनच्या जोडीला ती घेतल्यावर निदान बरंच अचूक झालं. अडचण एवढीच की ही तपासणी अजून सर्रास मिळत नाही. कॉर्टिसॉल (याच ग्रंथीचं एक हार्मोन) आणि मेटानेफ्रिन (अ‍ॅड्रेनॅलिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) यांच्या तपासण्या मात्र मोठ्या लॅबमध्ये होतात. मेटानेफ्रिन ऑपरेशनआधी चुकवूच नका, नाहीतर फिओक्रोमोसायटोमा (अ‍ॅड्रेनॅलिनसारखी हार्मोन्स सोडणारी गाठ) असल्यास टेबलावर बीपी भडकतं.

अपवाद: दुसरीकडे कॅन्सर आधीच असेल आणि तो इथे पसरल्याची शंका असेल, तर कधी कधी बायोप्सी करतात, तीही मेटानेफ्रिन नॉर्मल आल्यावरच.