ऑर्डरी भरपूर, हातात काहीच नाही: घरून बिस्किटं-केक विकणाऱ्या विद्यार्थिनीला उत्तर

तुझं म्हणणं थोडक्यात असं की कॉलेज सांभाळून घरी बिस्किटं आणि केक बनवून विकतेस, ऑर्डरी बऱ्या येतायत, खाणारे वा वा करतायत, पण महिनाअखेर हातात काही राहत नाही, तर आता दर वाढवू की आयटम वाढवू. आयटम वाढवू नकोस, हे आधीच सांगून टाकते. मी बरीच वर्षं घरूनच ऑर्डरी घेते, मदतीला शिकणारी पोरं येत असतात, त्यातली काही नंतर स्वतःचं चालू करतात आणि बहुतेकांचं गणित तुझ्यासारखंच गळतं, चव उत्तम असूनसुद्धा.

आधी ग्रॅम दाखवणारा साधा वजनकाटा घे. तुझी रेसिपी "दोन कप मैदा" अशी आहे ना, तर तोच कप चमच्याने हलका भरला तर 120 ग्रॅमच्या आसपास मैदा बसतो आणि पिशवीत बुडवून काढला तर 150 पर्यंत सहज जातो. म्हणजे एखाद्या दिवशी पीठ पावपट जास्त, मग "मागच्या वेळी जास्त खुसखुशीत होती" असं कुणीतरी म्हणतं आणि तू ओव्हनला दोष देत बसतेस. गोळेसुद्धा काट्यावर ठेवून कर, निदान सुरुवातीला तरी. 20 ग्रॅमचा गोळा ठरवलायस आणि अंदाजाने 24 चा जातोय, तर दर पाच बिस्किटांमागे एक फुकट गेलं, आणि हे डोळ्याला अजिबात दिसत नाही, ट्रे बघितला तर सगळी सारखीच वाटतात.

मग खर्च. मैदा, बटर, साखर सगळेच लिहितात. बटर पेपर, डबा, लेबल, वीज, पोचवायला जाण्यायेण्याचा खर्च, फुटलेली बिस्किटं, "चाखून बघ" म्हणून दिलेली, हे कोणी लिहीत नाही. आणि घरच्या डब्यातून घेतलेली साखर, फ्रिजमधलं दूध! घरचे कौतुकापोटी काही बोलत नाहीत, पण तुझ्या गिऱ्हाइकाचं बिल अर्धं तेच भरतायत. तेही वहीत लिही, भले परत देऊ नकोस. वेळेचंही तसंच, एका ऑर्डरीला घड्याळ लाव, पण भांडी घासणं, पॅकिंग आणि मेसेजवर "किती वाजता मिळेल, साखर कमी चालेल का" हे सगळं धरून. ओव्हनसमोरचा वेळ त्यात सगळ्यात कमी निघतो.

सवलतीच्या बाबतीत तर पोरं हमखास फसतात. समजा डबा 60 ला पडला आणि 90 ला विकला. त्याला 50 टक्के नफा म्हणतात, पण विक्रीच्या मानाने तो 33 च आहे. आता मैत्रीण म्हणाली 20 टक्के कमी कर, केलास, 72 मिळाले. उरले 12. आधी 30 उरत होते. म्हणजे सवलत वीस टक्क्यांची आणि नफ्यातले साठ टक्के गेले, तेही वेळेचे पैसे न धरता.

केकमध्ये मापाची अजून एक गंमत आहे. 20 सेंमीचा गोल टिन आणि 25 सेंमीचा, बघायला जरासाच मोठा. क्षेत्रफळ काढ, 314 आणि 491, तेवढीच जाडी हवी असेल तर सामान दीडपटीहून जास्त लागतं. तू दर किती वाढवलास? बहुतेक पाव पट, कारण व्यास तेवढाच वाढला. (शाळेतली भूमिती इथे कामाला येते, कधी नव्हे ते.)

एक गोष्ट मात्र पैशाची नाही आणि त्यात तडजोड नको. बिस्किटं गार झाल्याशिवाय डब्यात भरू नकोस. कोमट असताना झाकण लावलं की थोड्या वेळाने झाकणाला आतून बारीक थेंब धरतात, तेच पाणी परत बिस्किटात जातं, आधी ती मऊ पडतात आणि मग बुरशी. क्रीमचे प्रकार तर तूर्त सोडूनच दे. 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मध्ये जंतू भराभर वाढतात, असे पदार्थ बाहेर दोन तासांच्या वर ठेवायचे नाहीत, कडक उन्हाळ्यात तर एकच तास, आणि तुझी डिलिव्हरी लेक्चर संपल्यावर असते. "परत गरम केलं की झालं" असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस, स्टॅफिलोकोकससारखे काही जंतू जे विष सोडतात ते गरम करूनही जात नाही. लेबलवर बनवल्याची तारीख टाक आणि गहू, दूध, अंडं, दाणे काय काय आहे ते स्पष्ट लिही, ॲलर्जी असलेल्याला चवीशी देणंघेणं नसतं. परवान्याचे नियम तुझ्या भागात काय आहेत तेही तिथल्या अन्न खात्याकडे विचारून घे, विक्री थोडी आहे म्हणून सूट मिळेलच असं धरून चालू नकोस.

आणि त्या वा वा चं फार मनावर घेऊ नकोस. फुकट खाणारा वाईट म्हणत नाही. ओळख नसलेल्या माणसाने पूर्ण पैसे देऊन दुसऱ्यांदा मागवलं, तेवढंच वहीत वेगळ्या रंगाने लिही.

दरांबद्दल म्हणशील तर एक महिना हे सगळं मोजून लिही आणि मगच दर बदल. ज्या आयटमला वेळ खूप लागतो आणि उरतं कमी तो सरळ बंद कर, जुन्या लोकांना नवा दर आधी कळव, आणि परीक्षेच्या तारखा आल्या की तेवढे दिवस ऑर्डर बंद असं स्टेटसला टाकून दे. थांबणारे थांबतात.