अमेरिकेत लष्कराच्या शिष्यवृत्तीवर कॉलेज: आधी नागरिकत्वाच्या तारखा मांडा

कराडहून आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या भावाने २००६ साली दाखल केलेल्या अर्जावर आपल्या कुटुंबाला ग्रीन कार्ड मिळण्याची वेळ आता जवळ आली आहे आणि येत्या जूनमध्ये आपण चौघे न्यू जर्सीत पोहोचाल. मुलगी सातारच्या सैनिक शाळेत आठवीत आहे, पोहोचेल तेव्हा ती पावणेचौदा वर्षांची असेल. मुलगा दहा वर्षांचा आहे. अमेरिकेत लष्कर मुलांच्या कॉलेजचा खर्च उचलते असे आपण ऐकले आहे आणि ही शिष्यवृत्ती शक्य तितक्या लवकर कशी पदरात पाडून घेता येईल, असे आपण विचारले आहे. माझी मुलगी याच मार्गाने शिकून लष्करात अधिकारी झाली, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

प्रथम ही व्यवस्था कशी आहे ते सांगतो, कारण आपल्याकडे खडकवासल्याच्या एनडीएमुळे मनात वेगळे चित्र असते. एनडीएमध्ये मुलगा बारावीनंतर प्रबोधिनीत दाखल होतो आणि तिथेच राहतो. त्या धर्तीच्या संस्था अमेरिकेतही आहेत, उदाहरणार्थ वेस्ट पॉइंट. पण आपण ज्या शिष्यवृत्तीबद्दल ऐकले ती आरओटीसीची, म्हणजे रिझर्व्ह ऑफिसर्स ट्रेनिंग कोअरची. १९१६ च्या संरक्षण कायद्याने ही योजना उभी राहिली आणि १९६४ च्या कायद्याने तिला शिष्यवृत्त्यांची जोड मिळाली. यात विद्यार्थी साध्या विद्यापीठातच संगणकशास्त्र, नर्सिंग, इतिहास असे काहीही शिकतो. त्याबरोबर आठवड्यातून काही दिवस पहाटेची पीटी, लष्करी विषयाचा एक वर्ग आणि प्रात्यक्षिके करतो. तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात भूदलाचे कॅडेट केंटकीतील फोर्ट नॉक्स येथे महिन्याहून अधिक काळाच्या शिबिरास जातात, आणि पदवीच्या वेळी सेकंड लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळते. नौदल आणि हवाई दल यांच्या स्वतंत्र आरओटीसी आहेत. मला भूदलाची माहिती जवळून आहे, म्हणून पुढचे बहुतेक तिच्याबद्दल आहे.

या शिष्यवृत्तीतून शिक्षणशुल्क संपूर्ण मिळते, मग विद्यापीठ सरकारी असो वा महागडे खासगी. शुल्काऐवजी राहण्याजेवण्याचा खर्च घेण्याचीही मुभा असते, आणि ज्या मुलाचे शुल्क दुसऱ्या शिष्यवृत्तीतून भागते त्याने तो पर्याय अवश्य तपासावा. याखेरीज पुस्तकांसाठी वर्षाला १,२०० डॉलर आणि शैक्षणिक वर्षात दरमहा ४२० डॉलर हातखर्च मिळतो. काही विद्यापीठे आरओटीसी शिष्यवृत्तीधारकांना वसतिगृह आपल्या बाजूने मोफत देतात. विद्यापीठांची यादी करताना हे मुद्दाम विचारावे, कारण चार वर्षांचा राहण्याजेवण्याचा खर्च ही काही किरकोळ बाब नाही.

आता मुख्य अडचणीकडे येतो. ही शिष्यवृत्ती फक्त अमेरिकी नागरिकाला मिळते. ग्रीन कार्डधारक सैनिक म्हणून भरती होऊ शकतो, पण त्याला अधिकारीपदाचे कमिशन मिळत नाही आणि म्हणून ही शिष्यवृत्तीही मिळत नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या मुलांना तर याचा विचार करण्याचेही कारण नाही, कारण भारतीयांसाठीची रोजगाराधारित ग्रीन कार्डाची रांग इतकी लांब आहे की अनेकदा मूल २१ वर्षांचे होऊन आईवडिलांच्या अर्जातूनच बाहेर पडते. आपण कुटुंबाच्या अर्जावर, पहिल्या दिवसापासून ग्रीन कार्ड घेऊन येत आहात ही आपली मोठी जमेची बाजू आहे. तरीही पुशअप्स आणि निबंध यांच्याआधी कागद घेऊन तारखा मांडाव्यात, असा माझा आग्रह आहे.

प्रौढ ग्रीन कार्डधारकाला सामान्यतः पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्व मिळते आणि अर्ज त्याआधी ९० दिवस करता येतो. मुलांसाठी २००० सालचा एक कायदा अतिशय उपयुक्त आहे: मूल १८ वर्षांखालील असेल, ग्रीन कार्डावर अमेरिकेत राहत असेल आणि कायदेशीर ताबा असलेल्या आईवडिलांसोबत असेल, तर त्यांपैकी एकजण नागरिक होताच तेही आपोआप नागरिक होते. आता आपल्या मुलीचे गणित पाहा. ती येथे नववीत बसेल, बारावीनंतर कॉलेजात जाईल तेव्हा आपल्याला चार वर्षे झालेली असतील, आणि आपली पाच वर्षे भरतील तेव्हा तिने अठरा ओलांडलेले असेल. आपल्या नागरिकत्वाचा लाभ तिला मिळणार नाही. तिला स्वतःचा अर्ज करावा लागेल, तो कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या अखेरीस. म्हणजे बारावीच्या आधी अर्ज करून मिळणारी चार वर्षांची राष्ट्रीय शिष्यवृत्ती तिच्या वाट्याला येणार नाही, हे आजच स्वीकारलेले बरे. मुलाची गोष्ट वेगळी आहे. आपण नागरिक व्हाल तेव्हा तो पंधरा-सोळा वर्षांचा असेल, म्हणजे अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात अर्ज करायला तो पूर्णपणे पात्र ठरेल. त्याचे नागरिकत्व आपोआप होत असले तरी पुरावा आपोआप घरी येत नाही. लगेच त्याचा अमेरिकी पासपोर्ट काढून ठेवावा.

या हिशेबात एक धोका आहे आणि आपल्या लोकांच्या तो लक्षात येत नाही. ग्रीन कार्ड मिळाल्यावर शेती, घर, आईवडिलांचे आजारपण यांसाठी अनेकजण सातआठ महिने गावी राहून येतात. सलग सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास वास्तव्य खंडित झाले असे मानले जाऊ शकते, आणि पाच वर्षांपैकी किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले असावे लागतात. आपली पाच वर्षे लांबली तर मुलाचीही वाट लांबते. कराडची कामे असतील तर छोट्या फेऱ्यांत उरकावीत, किंवा आपल्या दोघांपैकी एकाने तरी इकडचे वास्तव्य अखंड ठेवावे. कायद्याला एका पालकाचे नागरिकत्व पुरते.

मुलीसाठी दार बंद नाही, फक्त वेगळे आहे. बहुतेक विद्यापीठांत आरओटीसीच्या पहिल्या दोन वर्षांच्या वर्गांना कोणत्याही बंधनाविना बसता येते. तिने पहिल्याच सत्रात तिथल्या लष्करी विभागात जाऊन आपली नागरिकत्वाची तारीख स्पष्ट सांगावी, पीटीला नियमित यावे आणि गुण चांगले ठेवावेत. अशा विद्यार्थ्यांना त्या त्या विद्यापीठातून उरलेल्या तीन किंवा दोन वर्षांची शिष्यवृत्ती दिली जाते, आणि ती देताना विभागप्रमुखाने मुलीला वर्षभर डोळ्यांनी पाहिलेले असते. सैनिक शाळेतून आलेल्या मुलीला याचा फायदाच होईल असे मला वाटते. पहिल्या वर्षाचे शुल्क मात्र आपल्याला भरावे लागेल, म्हणून ते वर्ष राज्याच्या सरकारी विद्यापीठात काढणे शहाणपणाचे. तोवर आपण न्यू जर्सीचे रहिवासी झालेले असाल आणि रहिवाशांचे शुल्क बरेच कमी असते. महिलांना लढाऊ शाखा बंद असतील अशी शंका घरात कोणी काढली, तर त्या सर्व खुल्या करण्याचा निर्णय डिसेंबर २०१५ मध्येच जाहीर झाला आहे.

मुलाबाबत ‘लवकर’ या शब्दाला खरा अर्थ आहे. अर्ज अकरावी संपल्यावर उन्हाळ्यात खुला होतो आणि अंतिम मुदत बारावीच्या मध्यावर येते. निवड मंडळ मात्र एकदाच बसत नाही. पहिले साधारण ऑक्टोबरात, मग हिवाळ्यात आणि शेवटचे वसंताच्या सुरुवातीस. पहिल्या मंडळात नाव आले नाही तर तीच फाइल पुढच्या मंडळापुढे जाते, आणि दरम्यान एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचे गुण वाढले असतील तर तेही जोडता येतात. म्हणून ज्याची फाइल सप्टेंबरअखेर पूर्ण असते त्याला तीन संधी मिळतात आणि जानेवारीत धावपळ करणाऱ्याला एकच. पूर्ण फाइल म्हणजे शाळेचे गुण, एसएटी किंवा तशीच दुसरी परीक्षा एसीटी, शाळेच्या समुपदेशकाकडून आलेली माहिती, निबंध, शारीरिक चाचणी आणि एखाद्या विद्यापीठातील लष्करशास्त्राच्या प्राध्यापकाने, म्हणजे प्रत्यक्ष सेवेतील अधिकाऱ्याने, घेतलेली मुलाखत.

पात्रतेचे किमान आकडे फसवे आहेत. एसएटीत १,००० आणि शाळेत ४ पैकी २.५ सरासरी एवढेच नियमात लिहिलेले असते, पण निवड होणारी मुले त्याच्या बरीच वर असतात. आपल्या मुलांचे गुण बहुधा कमी पडत नाहीत. कमी पडतो तो खेळ. मंडळ विद्वत्ता, खेळ आणि नेतृत्व या तिन्हींकडे पाहते आणि नुसत्या गणित ऑलिम्पियाडने तिथे काम भागत नाही. मुलाला नववीपासून शाळेच्या संघात घाला. बऱ्याच शाळांत क्रॉस कंट्री आणि ट्रॅक या धावण्याच्या खेळांत चाचणीशिवाय सर्वांना घेतात, आणि शारीरिक चाचणीत एक मैल धावणे असतेच, बाकी एकेका मिनिटात पुशअप्स आणि सिटअप्स. नेतृत्वासाठी स्काउट, विद्यार्थी मंडळ, उन्हाळ्यातली पगारी नोकरी, किंवा गावातल्या महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत लहान मुलांना वर्षानुवर्षे शिकवणे, सगळे चालते. फक्त त्याच्यावर खरी जबाबदारी असली पाहिजे. शाळेत ज्युनियर आरओटीसी असेल तर उत्तम. ती आपल्या एनसीसीसारखीच असते, ग्रीन कार्डधारकांना खुली असते आणि तिच्यामुळे सेवेचे कोणतेही बंधन येत नाही, म्हणून मुलीलाही तिथे पहिल्या वर्षापासून जाता येईल.

वैद्यकीय तपासणी ही निवडीनंतरची पायरी असते आणि कित्येकांचे घोडे तिथे अडते. तेराव्या वाढदिवसानंतर दम्याचे निदान किंवा उपचार झाल्याची नोंद असेल तर उमेदवार प्रथम अपात्र ठरतो आणि मग सूट मागावी लागते. आपल्याकडे साध्या खोकल्याला इनहेलर लिहून दिला जातो आणि कागदावर ‘दमा’ असा शेरा राहून जातो. निघण्यापूर्वी दोन्ही मुलांचे वैद्यकीय कागद डॉक्टरांकडून नीट, निदानासह इंग्रजीत लिहून घ्यावेत. जे खरे आहे ते लपवू मात्र नये. खोटी माहिती उघड झाली तर पुढे कमिशनही जाते.

आता बंधनाबद्दल, कारण ‘फुकट कॉलेज’ हे वर्णन मला मुळीच मान्य नाही. भूदलाच्या शिष्यवृत्तीनंतर एकूण आठ वर्षांची बांधिलकी येते, सामान्यतः चार वर्षे पूर्णवेळ सेवा आणि उरलेली राखीव दलात. चार वर्षांची शिष्यवृत्ती असेल तर पहिले वर्ष संपेपर्यंत मागे फिरता येते. दुसरे वर्ष सुरू झाले की सोडणाऱ्याकडून पैसे वसूल होतात किंवा त्याला सैनिक म्हणून सेवेत बोलावले जाऊ शकते. पोस्टिंग कुठे आणि युद्ध कोणाशी, हे आपण ठरवत नाही. मुलाला स्वतःला गणवेशाची ओढ नसेल तर आईवडिलांनी केवळ शुल्क वाचवायला त्याला या वाटेला लावू नये.

आणखी एक गोष्ट, जी फारसे कोणी सांगत नाही. भारताच्या नियमांनुसार परदेशी लष्करात सेवेत असलेल्या किंवा तेथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाविना भारतात येऊ देणारे कार्ड, मिळू शकत नाही. आम्हा नवराबायकोकडे ते कार्ड आहे. आमच्या मुलीला मात्र वाईला आजीला भेटायला जाताना वरिष्ठांची परवानगी आणि भारताचा व्हिसा, दोन्ही घ्यावे लागते. शिवाय अधिकाऱ्याला गोपनीय माहिती हाताळण्याची मंजुरी लागते आणि तिच्या प्रदीर्घ अर्जात परदेशातील नातेवाईक व मालमत्ता यांची माहिती द्यावी लागते. नातेवाईक भारतात आहेत म्हणून मंजुरी नाकारली जाते असे नाही, पण कराडची जमीन किंवा पुण्याचा फ्लॅट मुलाच्या नावावर करण्याचा विचार असेल तर तो तूर्त थांबवावा आणि आजीआजोबांच्या, काकामामांच्या जन्मतारखा व पत्ते आत्ताच एका वहीत नीट लिहून घ्यावेत.