मॉकिंगबर्ड टॉम की बू? आधी बंदूक कोणाच्या हातात आहे ते पाहू

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीतला मॉकिंगबर्ड, म्हणजे तो गाणारा पक्षी, टॉम रॉबिन्सन की बू रॅडली? आणि टॉमही असेल, तर मॉकिंगबर्डला मारू नये हे वाक्य स्काउट शेवटी फक्त बूबद्दल का म्हणते?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही गाइडात एका ओळीत मिळेल: दोघंही, कारण दोघंही निरुपद्रवी आणि दोघांनाही गावाने छळलं. हे उत्तर चूक नाही. पण तिथेच थांबलं की कादंबरी फार गोड होऊन बसते, आणि हार्पर ली यांनी ती तेवढी गोड लिहिलेली नाही. मला तुमचा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात. कादंबरी १९६० सालची. काळ १९३०नंतरच्या मंदीचा, जागा अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं मेकॉम्ब हे काल्पनिक गाव. सांगणारी स्काउट ही ॲटिकस फिंच या वकिलाची मुलगी, जेम तिचा थोरला भाऊ. जवळच्याच एका घरात बू रॅडली राहतो. तो वर्षानुवर्षं बाहेर पडलेला नाही आणि मुलांच्या लेखी तो भूतच आहे. गावाबाहेर उकिरड्यालगत राहणाऱ्या बॉब युएलची मुलगी मेयेला हिच्यावर बलात्कार केल्याचा आळ टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर येतो. ॲटिकस त्याची बाजू लढवतो, आरोप खोटा आहे हे भर कोर्टात सगळ्यांना दिसतं, तरी ज्यूरी त्याला दोषी ठरवते. टॉम तुरुंगातून पळताना गोळ्या लागून मरतो. पुढे युएल सूड म्हणून ॲटिकसच्या मुलांवर रात्री हल्ला करतो. बू त्यांना वाचवतो आणि त्या झटापटीत युएल मरतो.

आता ते मूळ वाक्य. ते कोणाला सांगितलं गेलंय हे आपण विसरतो. जेम आणि स्काउटला छऱ्याच्या बंदुका मिळाल्या आहेत. ॲटिकस सांगतो, मागच्या अंगणात डब्यांवर नेम धरलात तर बरं, पण तुम्ही पाखरांच्या मागे लागणार हे मला माहीत आहे. ब्लू जे हवे तेवढे मारा, पण मॉकिंगबर्डला मारणं पाप आहे. स्काउट म्हणते की एखादी गोष्ट पाप आहे असं वडिलांच्या तोंडून तिने तेवढं एकदाच ऐकलं. शेजारच्या मिस मॉडी मग कारण सांगतात: हा पक्षी कोणाच्या बागेची नासधूस करत नाही, मक्याच्या कणगीत घरटं बांधत नाही, आपल्यासाठी जीव ओतून गातो, बस्स.

म्हणजे हे वाक्य बंदूक हातात आलेल्या पोरांना सांगितलेलं आहे. पक्षी कसा आहे याचं वर्णन त्यात येतं, पण बंधन घातलंय ते बंदूक धरणाऱ्यावर. त्याच प्रकरणात पिसाळलेला कुत्रा रस्त्यावर येतो, शेरीफ हेक टेट बंदूक ॲटिकसच्या हातात देतो, आणि आपले वडील पंचक्रोशीतले सर्वांत अचूक नेमबाज आहेत हे मुलांना पहिल्यांदा कळतं. मग त्यांनी बंदूक सोडली का? मिस मॉडींचा अंदाज असा, की देवाने आपल्याला बाकीच्या जिवांपेक्षा झुकतं माप दिलंय हे लक्षात आल्यावर त्यांनी ती खाली ठेवली असावी. माझ्या मते या कादंबरीचं सगळं नैतिक गणित इथे मांडलेलं आहे. कोण निष्पाप, हे फार जणांना कळतं. ज्याच्या हातात ताकद आहे तो ती खाली ठेवतो का, हा खरा प्रश्न.

या अंगाने वाचलं की २५वं प्रकरण वेगळंच दिसायला लागतं. सुरुवात अगदी क्षुल्लक आहे. मागच्या पडवीत स्काउट एका किड्याशी खेळते आहे, हात लावला की गोळी होऊन बसणारा तो किडा. ती त्याला चिरडायला हात उगारते आणि जेम तिला अडवतो: मारू नकोस, बाहेर पायरीवर ठेव. का? तर तो तुला काही त्रास देत नाही. स्काउटला वाटतं, हा कसल्यातरी वेडाच्या भरात आहे. पण जेम नुकताच कोर्टात जे बघून आलाय त्यातून हे आलेलं असतं. आणि त्याच प्रकरणात थोडं पुढे, टॉम मेल्याची बातमी घेऊन ॲटिकस त्याच्या घरी जातो तेव्हा काय झालं ते डिल, म्हणजे या भावंडांचा मित्र, सांगतो. टॉमची बायको हेलन मातीत कोसळली, जणू कोणा राक्षसाने येऊन तिच्यावर पाय दिला. डिल स्वतःचा पाय जमिनीवर आपटून दाखवतो. मुंगीवर पाय पडावा तसं, असं म्हणतो. अंगणातला किडा वाचला आणि तिकडे बाई चिरडली गेली. लेखिका यावर एक शब्दही बोलत नाहीत, दोन प्रसंग फक्त शेजारी ठेवतात. पुस्तकातली माझी सर्वांत आवडती जागा हीच.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. टॉमच्या बाबतीत गाणाऱ्या पाखराची उपमा कोणीच वापरत नाही असं नाही. वापरली जाते, आणि कोण वापरतं ते पाहा. स्थानिक वृत्तपत्राचा मालक-संपादक अंडरवूड अग्रलेख लिहितो. अपंगाला मारणं पाप आहे, मग तो उभा असो, बसलेला असो की पळत असो, असं म्हणून तो टॉमच्या मृत्यूची तुलना शिकारी आणि पोरंटोरं गाणाऱ्या पाखरांची जी निरर्थक कत्तल करतात तिच्याशी करतो. हा अंडरवूड कोण? ज्याच्याबद्दल ॲटिकस आधीच सांगून जातो की त्याला काळ्या माणसांचा तिटकारा आहे, तो त्यांना जवळपास फिरकू देत नाही. याच माणसाने टॉमला मारायला तुरुंगासमोर जमाव आला तेव्हा खिडकीतून बंदूक रोखून ॲटिकसला पाठबळ दिलं होतं, हेही खरं. माणूस गुंतागुंतीचा आहे. पण ज्याला काळा माणूस बरोबरीने शेजारी चालत नाही, त्यालाही मेलेल्या पाखराबद्दल कळवळून लिहिता येतं, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. पाखराची दया यायला त्याला माणूस मानावं लागत नाही.

म्हणून माझं उत्तर असं: टॉमसाठी हे वाक्य तो मेल्यानंतर आलं, बूसाठी वेळेत आलं.

बूच्या प्रसंगात बंदूक अजून खाली करता येणार असते. युएल मरून पडलाय. ॲटिकसला आधी वाटतं की जेमच्या हातून हे झालं आणि तो ते दडपायला साफ नकार देतो. शेरीफ टेट हट्टाने म्हणत राहतो की युएल स्वतःच्याच सुरीवर पडला. हळूहळू ॲटिकसला उमगतं की प्रश्न बूचा आहे. एका लाजाळू माणसाला, ज्याने या गावावर उपकारच केलेत, चव्हाट्यावर ओढणं हे माझ्या लेखी पाप आहे, असं टेट म्हणतो. मग स्काउट वडिलांना समजावते, की ते म्हणजे मॉकिंगबर्डला गोळी घालण्यासारखंच होईल, नाही का? निर्णय अजून व्हायचाय म्हणून तिच्या बोलण्याला अर्थ आहे. टॉमबद्दल तिने हे म्हटलं असतं तर तो फक्त शोक झाला असता, आणि शोक अंडरवूडने केलेलाच आहे.

पण टॉमच्या वेळी वेळेत का आलं नाही? इथे पुन्हा शेरीफ टेटकडेच बघायला हवं. मेयेलाच्या सांगण्यावरून टॉमला पकडणारा हाच. डॉक्टर बोलावला होता का, असं ॲटिकस कोर्टात त्याला पुन्हा पुन्हा विचारतो आणि उत्तर ‘नाही’ असं येतं, तशी गरजच वाटली नाही म्हणे. तोच माणूस पुढे रॅडलीच्या बाजूने ठामपणे उभा राहतो आणि म्हणतो, एक काळा माणूस विनाकारण मेला, त्याला जबाबदार असलेलाही मेला, आता मेलेल्यांनाच मेलेल्यांची मूठमाती करू दे. त्याच्याबद्दल मला आदर वाटतो, आणि तरीही हा फरक डोळ्याआड करता येत नाही. गोऱ्या शेजाऱ्याला वाचवायला ओसरीवरचे दोन सज्जन पुरले. टॉमला वाचवायला बारा गोऱ्या पुरुषांची तयारी लागणार होती.

आणखी एक गोष्ट, जी प्रतीकाच्या नादात निसटते. टॉम हा नुसता निरुपद्रवी नव्हता. निरुपद्रवी राहिला असता, मान खाली घालून युएलच्या घरावरून निघून गेला असता, तर कदाचित जगलाही असता. त्याने मेयेलाला कपाट फोडून दिलं, लाकडं फोडून दिली, पैसे घेतले नाहीत. कोर्टात सरकारी वकील विचारतो, हे सगळं फुकट का करत होतास? टॉम म्हणतो, मला तिची कणव यायची, घरातल्या बाकीच्यांपेक्षा तीच जास्त राबताना दिसायची. सरकारी वकील ते वाक्य दोनदा उच्चारतो, तुला तिची कणव आली? तुला? आपण काय बोलून बसलो हे टॉमच्या तेव्हाच लक्षात येतं. काळ्या माणसाला गोऱ्या बाईची कीव येणं म्हणजे तिच्यापेक्षा वरच्या पायरीवर उभं राहणं, आणि मेकॉम्बला हेच खपणार नव्हतं. मॉकिंगबर्ड फक्त गातो. टॉमने एका माणसाला दुसऱ्या माणसासारखी वागणूक दिली, आणि त्याची किंमत मोजली.

त्याच्या हाताची गोष्टही याच्या जोडीने वाचा. त्याचा डावा हात उजव्यापेक्षा चांगला फूटभर आखूड आहे, लहानपणी सरकी काढण्याच्या यंत्रात सापडलेला. शपथ घेताना तो उजव्या हाताने डावा उचलून बायबलवर ठेवतो, दुसरा हात वर करायला जातो आणि तो निर्जीव हात घसरून टेबलावर आपटतो. तो पुन्हा प्रयत्न करायला लागतो, तेव्हा न्यायाधीश म्हणतात, राहू दे टॉम, पुरे. मेयेलाला मार बसलाय चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, डावखुऱ्याचा मार, आणि बॉब युएल डावखुरा आहे. पुरावा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लोंबत असतो. तरी काही उपयोग होत नाही.

तुरुंगाच्या मैदानात तो अचानक कुंपणाकडे धावत सुटतो, पहारेकरी त्याला गोळ्या घालतात, अंगात सतरा गोळ्या सापडतात. ॲटिकसने अपिलाचा भरवसा दिलेला असतो. त्यावर ॲटिकसच म्हणतो की टॉमला गोऱ्यांनी देऊ केलेल्या संधींचा कंटाळा आला असेल, म्हणून त्याने स्वतःची संधी स्वतः घेतली. इथे तर पाखराची उपमा पूर्ण गळून पडते. हा ठरवणारा माणूस आहे.

या कादंबरीवर जी गंभीर टीका होते तीही इथूनच सुरू होते. टॉमला, हेलनला, फिंचांच्या घरी काम करणाऱ्या कृष्णवर्णीय कॅल्पर्नियाला आतून बोलायला जागा कमी मिळते. आपण त्यांना गोऱ्या मुलीच्या नजरेतून बघतो. मला ही टीका बऱ्याच अंशी पटते. दलित साहित्य वाचत वाढलेल्या मराठी वाचकाला सहानुभूती आणि स्वानुभव यांतला फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पण या टीकेचं बीज पुस्तकातच पेरलेलं आहे, असंही मला वाटतं. संपादकाची दया आणि ॲटिकसने ओळखलेला टॉमचा कंटाळा, हे दोन्ही लेखिकेनेच लिहिलंय.

हे सगळं हवेतून आलेलं नव्हतं. १९३१ साली अलाबामातच मालगाडीतून जाणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय मुलांवर दोन गोऱ्या बायकांनी असाच आळ घेतला. स्कॉट्सबरो या गावात झटपट खटले चालले, आठ जणांना फाशीची शिक्षा झाली. प्रकरण दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेलं, फाशी कोणालाच झाली नाही, पण तारुण्याची वर्षं तुरुंगात गेली. त्यांच्यापैकी शेवटच्या तिघांना अलाबामाने माफी दिली ती २०१३ साली, ते हयात नसताना. हार्पर ली यांचं गाव मन्रोव्हिल. तिथलं जुनं कोर्ट आता संग्रहालय आहे, या कादंबरीवरचं नाटक तिथे होतं, गावाला तिचा अभिमान आहे. त्याच परिसरात १९८७ साली वॉल्टर मॅकमिलियन या कृष्णवर्णीय माणसाला त्याने न केलेल्या खुनासाठी पकडण्यात आलं. ज्यूरीने जन्मठेप सुचवली असताना न्यायाधीशाने ती बदलून मृत्युदंड दिला. १९९३ साली तो सुटला, वकील ब्रायन स्टीव्हन्सन यांच्या लढ्यामुळे. मॉकिंगबर्ड सगळ्यांना पाठ असलेल्या गावाची ही गोष्ट आहे.

राहिली मेयेला. काही जण तिलाही मॉकिंगबर्ड म्हणतात. मला ते मान्य नाही, पण तिच्याबद्दल नुसता राग धरूनही चालत नाही. उकिरड्याच्या त्या घरात कुंपणाशी टवके गेलेल्या भांड्यांत लाल जिरॅनियम लावलेले असतात, ते तिचे, असं लोक म्हणतात. बापाचा मार खाणारी, एकही मैत्रीण नसलेली मुलगी. पण साक्षीच्या पिंजऱ्यात काही मिनिटांसाठी बंदूक तिच्या हातात येते आणि ती चालवते. स्काउटही म्हणते की मेयेलाने तोंड उघडून किंकाळी फोडली त्याच क्षणी टॉम मेलेला होता. निष्पापपणा हा काही माणसाचा कायमचा गुण नसतो, आणि छळ सोसलेला माणूस दुसऱ्याचा छळ करू शकतो, हे लेखिकेने तिच्यातून फार स्वच्छ दाखवलंय.

पुन्हा वाचणार असाल तर १०, १९, २५ आणि ३० ही प्रकरणं सलग वाचा. २८व्यात मुलं हल्ल्याच्या रात्री रॅडलीच्या घरावरून जातात तेव्हा झाडावर खरोखरचा मॉकिंगबर्ड गात असतो, तो परिच्छेदही सोडू नका. तो पक्षी इतरांच्या नकला करतो, आणि त्या नकलांमध्ये ब्लू जेचा कर्कश आवाजही असतो. हवे तेवढे मारा अशी परवानगी ज्याच्याबद्दल मिळाली होती, तोच ब्लू जे.