वाचक विचारतात: पाऊस एकच, मग रान वेगळं का?

प्रश्न: चाचा, सलाम. मी वाळवा तालुक्यातला, ऊस आहे आणि थोडी हळद. परवा मित्राशी वाद झाला. तो म्हणाला कुरआनात सारखं ‘यात निशाण्या आहेत’ असं येतं, मग निशाणी एवढी उघड असेल तर सगळ्यांना का पटत नाही, एकदाच काय तो दणदणीत चमत्कार दाखवायचा की, विषय संपला. मला काय बोलावं सुचलं नाही. खरं सांगायचं तर कधी कधी वाचताना मलाही काहीच वाटत नाही. माझ्यातच खोट आहे का?

उत्तर: वालेकुम अस्सलाम बेटा. तुझ्या मित्राचा प्रश्न काय नवीन नाही, मक्केतल्या लोकांनी हाच विचारला होता आणि त्यांची मागणी कुरआनच्या सतराव्या सूरेत, म्हणजे अध्यायात, आहे बघ, जमिनीतून झरा काढून दाखव, नाहीतर तुझी खजूर-द्राक्षांची बाग असू दे, नाहीतर आभाळ तुकडे करून आमच्यावर पाड, सोन्याचं घर दाखव, आभाळात चढ, आणि चढलास तरी तिथून आम्हाला वाचता येईल असं पुस्तक आणल्याशिवाय आम्ही मानणार नाही. म्हणजे चढण्याआधीच पुढची अट तयार! ज्याला बघायचंय तो अशी यादी करत नाही, यादी करतो तो टाळणारा. सहाव्या सूरेत तर म्हटलंय की फरिश्ते उतरवले, मेलेली माणसं बोलली, तरी हे ऐकणार नाहीत.

आणि ‘आयत’ या शब्दाचा अर्थच मुळात निशाणी. कुरआनातलं वाक्य पण आयत आणि बाहेर पडणारा पाऊस पण आयत, माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे आहेत ती पण आयत (तिसावी सूरा). त्यामुळं मित्र म्हणतो तसं एकदाच दाखवून विषय संपवायचा प्रकार तिथं नाहीच, रोज समोर आहे.

आता तू शेतकरी, म्हणून तुझ्याच भाषेत. सातव्या सूरेतली ५८ वी आयत काढ. चांगल्या जमिनीतून रबच्या, म्हणजे अल्लाहच्या, हुकमानं पीक येतं आणि खराब जमिनीतून येतं ते थोडंथोडकं, खुरटलेलं. तुमच्याकडं कृष्णाकाठी चोपण झालेलं रान बघितलंयस ना, उन्हाळ्यात वर पांढरा खार फुलतो, पावसाळ्यात पाणी मुरतच नाही, बांधापलीकडं ऊस डोक्याच्या वर आणि इकडं वीतभर पिवळा. पाऊस तोच, ढग तोच. पण चोपण रान जन्मापासून चोपण होतं का रे? नाही, पाणी देत सुटलो, निचरा केला नाही, खार वर आला. आणि निचऱ्याचे पाइप टाकले, जिप्सम टाकलं, धैंचा (हिरवळीचं खत) गाडला तर ते परत सुधारतं, वेळ लागतो एवढंच. वाचताना काही वाटत नाही म्हणून घाबरलास हेच मला बरं लक्षण वाटतं. कोडग्या माणसाला असा प्रश्न पडत नाही.

आता इखलास, म्हणजे फक्त अल्लाहसाठीची खरी, निर्भेळ नियत. ती म्हणजे आधीच पाकसाफ असणं, असं लोक समजतात. मला नाही पटत. पैगंबर मूसा अलैहिस्सलामच्या किश्श्यातले जादूगार बघ. ते आले तेव्हा फिरऔनला, मिसरच्या बादशहाला, पहिलं काय विचारलं? जिंकलो तर पैसे मिळणार ना! नियत काय फार मोठी नव्हती. पण हातचलाखी काय असते हे दरबारात त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं, त्यामुळं मूसाच्या काठीनं साप होऊन त्यांचा सगळा खेळ गिळला तेव्हा ही चलाखी नव्हे हे त्यांनी ओळखलं आणि तिथंच सजद्यात, कपाळ जमिनीला टेकून, पडले. हातपाय तोडीन, सुळावर चढवीन म्हटलं तरी हटले नाहीत. काठी फिरऔननं पण बघितली, दरबाऱ्यांनी पण बघितली. त्यांच्याबद्दल सत्ताविसाव्या सूरेत आहे की मनातून त्यांना पटलं होतं, तरी जुलूम आणि घमेंडीपोटी नाकारलं. म्हणजे पुरावा कमी पडला नव्हता.

माझं पण ऐक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा मी गच्चीवर बसून रडत कबूल केलं होतं, या वेळी वाचव, फजर (पहाटेची नमाज) चुकवणार नाही. अगदी मनापासून. मग पाणी उतरलं, घरात गुडघाभर चिखल, भिजलेली गादी, पंचनामा, भाऊबंदांशी भांडणं, आणि दोन महिन्यांत माझी फजर परत अंथरुणात. कुरआनात जहाजातल्या लोकांचं असंच आहे, लाट अंगावर आली की ते खालिस मनानं अल्लाहला हाक मारतात, आणि किनाऱ्याला लागले की काही जण मधल्या वाटेवर टिकतात, काही साफ विसरतात. गंमत बघ, लाटेतल्या त्या हाकेला कुरआन खोटी म्हणत नाही, तिथं शब्दच इखलासचा वापरलाय. ती खरीच होती. जमिनीवर टिकली नाही. अजून महिन्यातून चार-पाच दिवस माझी फजर चुकते, तुला सांगायला लाज वाटते पण सांगतो.

मित्राला वादात हरवायला जाऊ नकोस. चहा पाज, आणि सातव्या सूरेतली ती आयत दोघं मिळून वाचा.

प्रश्न: रमजानमध्ये रेशन किट वाटतो तेव्हा फोटो काढून ग्रुपवर टाकतात. ही रियाकारी, म्हणजे दिखावा, नाही का? (एक भगिनी, मिरज)

उत्तर: ताई, देणाऱ्याच्या मनात काय आहे ते मला दिसत नाही. दुसऱ्या सूरेत दिखाव्याच्या दानाला खडकावरच्या मातीची उपमा दिलीय, जोराचा पाऊस आला की उघडा खडक शिल्लक. पण त्याच सूरेत उघड दिलं तरी चांगलं, गुपचूप गरिबाला दिलं तर जास्त चांगलं, असंही आहे, म्हणून सरसकट नावं ठेवू नका, चंदा देणाऱ्यांना हिशोब दाखवावाच लागतो. फक्त फोटो किटच्या ढिगाचा काढायला सांगा, रांगेतल्या बाईच्या तोंडाचा नको.